मॅड्रिगलमधला माझा षड्ज

७ फेब्रुवारी १९८५, गुरुवार

नवी वही उघडली आणि लिहायला विषय काय, तर मॅड्रिगल. कर्म माझं.

लेकीची, दीपाची गाडी मेकॅनिककडे, म्हणून आज तिला प्रॅक्टिसला मी सोडलं. घरी येऊन पुन्हा न्यायला जायचा कंटाळा आला, तेव्हा चर्चच्या तळघरात मागच्या खुर्चीवर बसून ऐकत राहिले. पाच माणसं गोल उभी राहून इटालियनमध्ये रडत होती. चारशे वर्षांपूर्वी इटलीतले रिकामटेकडे सरदार अशी गाणी गायचे, त्यांना मॅड्रिगल म्हणतात. तानपुरा नाही, पेटी नाही, ठेका नाही. पाच जण पाच निरनिराळ्या ओळी एकाच वेळी म्हणतात. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत असा आवाज येतो, त्याला कुणी कला म्हणत नाही.

'उसासा' हा शब्द आला की सगळे मध्येच तुटक श्वास घेतात. 'स्वर्ग' आला की वर चढतात, 'मरण' आलं की खाली उतरतात. बालवाडीतल्या पोरांनी हातवारे करून गाणं म्हणावं तसं. त्यांची म्होरकी मार्था, साठीची, बारीक कापलेले केस, पायात पुरुषी बूट. ती याला 'वर्ड पेंटिंग' म्हणते आणि डोळे मिटते.

एक मात्र कबूल करते. इथं करायला हरकत नाही, कारण नवऱ्याला, प्रतापला, माझं अक्षर लागत नाही आणि पोरीला मराठी वाचता येत नाही. त्यांचा गंधार खरा लागतो. पियानोवरचा असतो तसा चढलेला नाही. तानपुरा नीट जुळला की आपोआप ऐकू येतो, तो. एका जागी पाचही जण थांबले आणि तळघर घुमलं, माझ्या अंगावर काटा आला. अपघातानं लागला असणार.

पाचव्या वर्षापासून मी दीपाला शिकवलं. माझ्या गुरू गिरजाबाईंनी बेळगावात मला जे दिलं ते सगळं अमेरिकेतल्या या फ्रीमाँटच्या घरात, कार्पेटवर बसवून दिलं. पंधराव्या वर्षी उठली आणि म्हणाली, "आई, आय डोन्ट वॉन्ट टू सिंग अलोन." गाणं काय वरातीत गातात? गाणं एकटीनंच गायचं असतं. तेव्हापासून आमच्यात त्यावर बोलणं नाही. आज समोर उभी राहून या लोकांत गात होती, आणि गाताना सारखी इकडेतिकडे बघून हसत होती. गाताना हसतात का कधी?

१० फेब्रुवारी, रविवार

मार्थाचा फोन. त्यांच्यातली खालच्या आवाजाची बाई, जिला ते आल्टो म्हणतात, नवऱ्याच्या नोकरीपायी दूर शुगर लँड गावाला चालली. पुढच्या महिन्यात कार्यक्रम. तर मी येईन का? माझ्या आवाजाबद्दल कुणीतरी फार चांगलं सांगितलं आहे म्हणे.

कोण सांगणार? त्या दिवशी मी वाट बघता बघता गुणगुणले असेन, ते तिनं ऐकलं असेल. कान तेवढा बरा आहे बाईचा. दीपाला विचारलं, तर ती फ्रिजमध्ये डोकं खुपसून "आय डोन्ट नो, मे बी" म्हणाली.

प्रताप म्हणाला, जा की, दोघी मायलेकी एका गाडीत याल-जाल. याला संगीतातलं काय कळतं, तर गाडीचं मायलेज. 'हो' म्हणून टाकलं. निदान एक तरी माणूस त्या टोळक्यात सुरात असेल.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

पहिली प्रॅक्टिस. मला 'शॅरी' म्हणतात. शरयू म्हणायला जीभ वळत नाही आणि चारशे वर्षांपूर्वीचं इटालियन मात्र अस्खलित.

मार्था सगळ्यात वरची ओळ गाते, दीपा दुसरी, मी तिसरी. चौथा एक डेंटिस्ट, त्याला पुदिन्याचा वास येतो. पाचवा पोस्टमन, तो जमिनीखालून गातो. पुढे उभं राहून हात हलवणारं कुणी नाही. मी विचारलं, मग लीड कोण करतं? मार्था म्हणाली, ज्याच्याकडे त्या वेळी महत्त्वाचं काही असेल तो. म्हणजे कुणीच नाही.

मला स्टाफ नोटेशन येत नाही हे कळल्यावर डेंटिस्टचा चेहरा पडला. मी सांगितलं, तुमच्या काळ्या किड्यांची मला गरज नाही, एकदा ऐकवा. त्यांनी ऐकवलं, मी जशीच्या तशी म्हणून दाखवली. पोस्टमननं शिट्टी वाजवली. दीपा घरी येताना सगळा फ्रीवे माझ्याकडे बघून हसत होती. समोर बघ म्हटलं, ड्राइव्ह करत्येस.

१७ फेब्रुवारी, रविवार

दीपानं शाळेच्या गडबडीत माझी सगळी ओळ कॅसेटवर गाऊन दिली. मी ती सरगमीत लिहून काढली. पांढरी चार षड्ज धरला आणि सूरपेटी लावून घोटायला बसले. शेवटचं मॅड्रिगल सगळ्यात लांब आहे, निरोप घेणाऱ्या प्रेमिकांचं. नवव्या यत्तेतल्या पोरांना शोभावं असं काव्य, पण माझी ओळ वाईट नाही.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तिनं स्वतःची ओळ भरली आहे, म्हणजे मला तिच्याबरोबर गाऊन बघता येईल. मला तिच्या ओळीचं काय करायचंय? मी ती बाजू लावली नाही.

२८ फेब्रुवारी, गुरुवार

आज मार्थानं इतिहास सांगितला. आधी ही गाणी साधी होती, चार आवाज अक्षराला अक्षर लावून बरोबर चालायचे. मग पाच झाले, शब्दाशब्दाला नखरे आले, वेडेवाकडे सूर आले. शेवटी एकच जण पुढे येऊन ताना मारू लागला आणि बाकीच्यांच्या जागी वाद्यं आली. मी म्हटलं, म्हणजे शेवटी त्यांना अक्कल आली. डेंटिस्टला हसू आलं. मार्थाला नाही.

आणि आपल्याच शतकात या बाईनं काय केलं? साठच्या दशकात कॉलेजात चाळीस जण मखमली झगे घालून, ख्रिसमसच्या जेवणावळीत डुकराचं मुंडकं ताटात घेऊन हीच गाणी गायचे, आवाज थरथरवत. ती त्यांचीच मास्तरीण होती. मग युरोपातली एक रेकॉर्ड ऐकली, एका ओळीला एकच आवाज, थरथर नाही, आणि हिनं चाळिसातले पस्तीस घरी पाठवले. याला हे लोक संशोधन म्हणतात. आमच्या गिरजाबाईंनी हे फुकट सांगितलं असतं.

एक गोष्ट मात्र पटली. त्या काळी टेबलाभोवती बसून गायचे तेव्हा प्रत्येकाच्या हातात फक्त स्वतःच्याच ओळीचं पुस्तक असायचं. सगळं गाणं कुणाकडेच लिहिलेलं नसायचं. उत्तम. आपलं आपण चोख गावं, दुसऱ्याचं काय चाललंय त्याच्याशी देणंघेणं नाही. मी तसं म्हणाले, तर दीपा आणि मार्थानं एकमेकींकडे पाहिलं.

त्यानंतर भांडण. शेवटच्या मॅड्रिगलमध्ये हे चौघं खाली सरकतात. हळूहळू, पण सरकतात. शेवटाला पोचेपर्यंत षड्ज चांगला दोन-तीन श्रुती उतरलेला असतो. मी पर्समधून सूरपेटी काढून सिद्ध करून दाखवलं. मला वाटलं, शरमतील. मार्था म्हणाली, हो, हे तिला ठाऊक आहे. सुरांची प्रत्येक जोडणी खरी लावत गेलं की अख्खं गाणं थोडं खाली येतंच, त्याला इलाज नाही. पियानोला इलाज आहे, त्याचे सगळेच सूर थोडे थोडे खोटे असतात. "वुई ऑल गो डाउन टुगेदर, शॅरी," म्हणाली, "अँड देन नोबडी फॉल्स."

ऐकून घ्या. बुडायचं, पण सगळ्यांनी मिळून. वर त्याला शास्त्र म्हणायचं.

गिरजाबाई नाकात तपकीर ओढून एकच सांगायच्या: जग इकडचं तिकडे होऊ दे, तू तुझा सा सोडू नकोस. या अमेरिकेत माझं काय काय सुटलं. साडी सुटली, नाव सुटलं, पोरीची भाषा सुटली. तेवढा एक सा मी सोडलेला नाही.

३ मार्च, रविवार

मीनाक्षीकडे मंडळाचं जेवण. गॅरेजमध्ये चटया अंथरून आपली माणसं, तीच श्रीखंडाची चर्चा आणि तीच घरांच्या भावांची. जेवणानंतर भावगीतं. मीनाक्षीनं सूर चोळामोळा करून टाकला तरी टाळ्या. मला म्हणाली, "शरयू, तुम्ही म्हणे चर्चमध्ये गाता?" जणू मी बाप्तिस्माच घेतला. म्हटलं, तुमच्या गॅरेजपेक्षा बरं घुमतं तिथं.

घरी येताना दीपा म्हणाली की मीनाक्षीमावशी छान गाते, कारण सगळे तिच्याबरोबर म्हणतात. हा निकष.

१४ मार्च, गुरुवार

आता खरं कळलं काय शिजतंय ते. कार्यक्रमाला बोस्टनहून एक जण येणार आहे. तिथल्या एका कॉलेजात या जुन्या संगीताचा वेगळा वर्ग आहे, तो दर वर्षी दोन-तीनच मुलं घेतो. दीपानं अर्ज केला आहे. मार्थाला माहीत, डेंटिस्टला माहीत, पोस्टमनलासुद्धा माहीत. आई-बापांना आज गाडीत सांगितलं.

प्रताप चिडला. बर्कलीला इंजिनिअरिंग मिळत असताना कुणी इटालियन रडगाणं शिकायला बोस्टनला जातं का? ओरडला नाही, नुसता टीव्हीचा आवाज वाढवला. दीपा जिन्यात उभी राहून मला म्हणाली, "आई, इट्स द ओन्ली थिंग आय वॉन्ट." मराठीत परत म्हणाली, "मला फक्त हेच पायजे." 'पाहिजे' म्हणतात, मी सांगितलं.

मी प्रतापसारखी नाही. हे गाणं मला फडतूस वाटतं, पण गाणं आहे. माझ्या गुरूच्या तालमीतला गळा आहे तो, त्या बोस्टनवाल्याला कळू दे तरी. फक्त एक भीती वाटते. हे चौघं त्या दिवशी पुन्हा घसरले तर? तो माणूस काय म्हणेल? माझी पोरगी बेसूर ठरेल, आणि ती या लोकांच्या पायी.

प्रॅक्टिसमध्ये सध्या मी तंटा नको म्हणून त्यांच्यासोबत खाली येते. मी वर राहिले की दीपा माझ्या मनगटाला हलकेच बोट लावते, आणि मी उतरते. जीव नकोसा होतो. पण त्या दिवशी मी उतरणार नाही. एकीनं जरी सा धरून ठेवला तरी बाकीच्यांना आधार मिळतो. ते माझ्याकडे येतील.

२४ मार्च, रविवार

काल झालं एकदाचं.

चर्च भरलं होतं, म्हणजे निम्मं. बोस्टनवाला तिसऱ्या बाकावर, दाढीवाला, कोटाच्या कोपरांना चामड्याची ठिगळं. प्रताप त्याच्या मागे मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन. आमचा हा बाप्या 'नाही' म्हणतो आणि मग नव्या बॅटऱ्या घालून येतो.

सुरू व्हायच्या आधी मी लेडीज रूममध्ये जाऊन दार लावलं, सूरपेटीवर षड्ज ऐकला आणि मनात पक्का केला. पहिली पाच-सहा गाणी ठीक झाली. मग निरोपाचं. अर्ध्यापासून घसरगुंडी सुरू झाली, मला अपेक्षित होतं तशीच. मी धरून ठेवलं. दीपाचं बोट मनगटाला लागलं. मी हात मागे घेतला. पुन्हा लागलं. मी तिच्याकडे पाहिलंच नाही. मार्थाच्या भुवया वर गेल्या, डेंटिस्ट लाल झाला. होऊ दे. कानाला फार त्रास होत होता, चहूबाजूंनी ओढ लागली होती, पण मी खांबासारखी उभी राहिले.

आणि मग शेवटच्या पानावर, जिथं तिची ओळ आणि माझी ओळ बरोबर लांब थांबतात, दीपा वर आली. माझ्या सुराला येऊन मिळाली. कशी आली ते काय सांगू, गंधार असा बसला की मला पायाखालची फरशी जाणवेना. माझ्याबरोबर एका सुरात उभी राहिली पोरगी, उठून गेल्यापासून पहिल्यांदाच. उरलेले तिघं आपल्या खड्ड्यात.

शेवटी टाळ्या जरा उशिरा आल्या. अमेरिकन लोकांना कधी काय संपलं ते कळत नाही. बोस्टनवाला मार्थाशी बोलला, दीपाशी हात मिळवला, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. दीपा गाडीत मागच्या सीटवर झोपली, किंवा डोळे मिटून पडली. मी तिला म्हटलं, आज तू सुरात गायलीस. ती म्हणाली, "ओके, आई."

११ एप्रिल, गुरुवार

दीपाला घेतलं नाही.

मार्थाचा फोन आला, दीपा शाळेत होती म्हणून मीच घेतला. म्हणे आवाज सुरेख, तयारी उत्तम, पण ती 'एन्सेम्बल सिंगर', म्हणजे गटात गाणारी, नाही. ऐन वेळी आपला गट सोडून गेली. गट सोडून गेली. गट चिखलात रुतत होता ते नाही दिसलं त्याला. कोपरांना ठिगळं लावून हिंडणाऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा करायची? दरीत सगळ्यांसोबत उडी मारली असती तर बोस्टनला नेलं असतं.

दीपाला संध्याकाळी सांगितलं. तिला आधीच ठाऊक असावं. भांडी डिशवॉशरमध्ये लावत राहिली. प्रतापनं बर्कलीचं पत्र टेबलावर आणून ठेवलं, आणि मग काय वाटलं कोण जाणे, परत उचलून नेलं.

मी म्हटलं, त्या माणसाला मी सिद्ध करून दाखवते. टेप आहे आपल्याकडे. दीपा म्हणाली, "प्लीज डोन्ट लिसन टू इट." तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

१३ एप्रिल, शनिवार

ऐकला.

प्रताप आणि दीपा ग्रोसरीला गेले तेव्हा टेप लावला, शेजारी सूरपेटी. माझा आवाज आणि पेटी शेवटपर्यंत एक. केसाचा फरक नाही. हे मला दाखवायचंच होतं.

मग पेटी बंद केली, नुसतं ऐकलं.

ते चौघं एकत्र आहेत. खाली जातात, पण जिना उतरताना घरातली माणसं बोलत बोलत उतरतात तशी, एकही जण न अडखळता. त्यांचा गंधार प्रत्येक पायरीवर खरा आहे. सगळ्या चर्चमध्ये एकच आवाज बेसूर आहे, आणि तो कानात दगडासारखा लागतो. मीनाक्षीलासुद्धा कळला असता.

शेवटच्या पानावर त्या चौघांतला एक आवाज हलतो. चुकून नाही. श्वास घेतो, थांबतो, आणि मग वर येतो. त्याला नेमकं माहीत आहे तो काय करतोय. मी ती जागा पुन्हा पुन्हा लावली.

१४ एप्रिल, रविवार

मार्थाला फोन केला. म्हटलं, चूक आल्टोची होती, त्या बोस्टनवाल्याला कळव.  ती म्हणाली, त्याला ते तेव्हाच कळलं होतं, शॅरी, कान आहेत त्याला. त्याला दिसलं ते एवढंच की कुणासाठी तरी ही मुलगी बाकीच्यांना सोडू शकते. म्हणजे आता दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नाही. बाईनं माझ्यावर राग धरला नाही, हे तर सगळ्यात असह्य. आणि जाता जाता हेही बोलून गेली की माझं नाव तिला दीपानं सुचवलं होतं, आल्टो जाणार हे ठरलं त्याच संध्याकाळी. मी समजत होते माझं गुणगुणणं ऐकलं.

दीपा स्वयंपाकघरात उभ्यानं पोहे खात होती. मी विचारलं, का आलीस वर?

तिनं खांदे उडवले. चमच्यानं शेंगदाणे बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "यू वेअर ऑल अलोन अप देअर, आई."

 'पाहिजे'सारखं दुरुस्त करायला त्यात काही नव्हतं. तिनं बशी धुतली, ओले हात जीन्सला पुसले आणि गुरुवारी येणार ना, असं विचारून वर गेली. जणू काही झालंच नाही.

सा सोडू नकोस, हे मला गिरजाबाईंनी शिकवलं आणि मी पोरीला दहा वर्षं तेच शिकवत बसले. हे दुसरं तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही. त्या डेंटिस्टनं असेल, पोस्टमननं असेल. मी तर नाहीच.

सूरपेटी कपाटात ठेवली. दीपानं भरून दिलेल्या कॅसेटची दुसरी बाजू आज पहिल्यांदा लावली. तिची ओळ सुरू होण्याआधी ती हळूच म्हणते, "आई, धिस इज मी," आणि मला सूर घ्यायला थोडी जागा सोडते.